आत्याबाईंनी तणमोर शिजवला नाही

आमच्या सासरी तणमोर हा पक्षी चवीवरून ओळखला जायचा. तो दिसतो कसा, राहतो कुठे, करतो काय, याची चौकशी घरातल्या बायकांनी कधी केली नव्हती. आषाढात मामाजी ओल्या पिशवीतून तो घेऊन यायचे आणि न्हाणीजवळच्या दगडावर ठेवून म्हणायचे, "घ्या." पुढचं सगळं आत्याबाईंचं काम.

मामाजी म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. माझं माहेर अमरावतीचं. वडील शाळामास्तर होते, घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. सासर अकोल्याहून पातूरकडे जाताना पक्का रस्ता सोडून आत, एका नाल्यापलीकडचं. लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझे मिस्टर अकोल्याला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी सायकलनं घरी यायचे, सोमवारी पहाटे परत. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच असायचो.

मामाजी गावात दोन गोष्टींसाठी मानले जात. एक त्यांची पांढऱ्या बैलांची जोडी आणि दुसरी त्यांची दुनळी बंदूक. बंदुकीला ते स्वतः तेल द्यायचे आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. आत्याबाई बुटक्या, गोऱ्या, गुडघेदुखीनं थोड्या वाकड्या चालणाऱ्या. बोलणं सरळसोट. अमरावतीचं बोलणंही वऱ्हाडीच, पण माहेरी वडील मास्तर असल्यामुळे आमच्यावर पुस्तकी भाषेचा जरा लेप होता. आत्याबाईंकडे तसला कसलाच लेप नव्हता.

पहिल्या आषाढात मी तणमोर खाल्ला. तीळ आणि सुकं खोबरं भाजून, पाट्यावर वाटून केलेला रस्सा, वर तेलाचा तवंग. बाजूला ज्वारीची भाकर. चव उत्तम होती, ते मी लपवत नाही. मामाजी माझ्या ताटाकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, अमरावतीले भेटते का असं?"

"तिले घास तं गिळू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

त्या पक्ष्याच्या डोक्यामागे काळ्या तारेसारखे बारीक तुरे असतात, टोकाशी जरा चपटे. आत्याबाई ते उपटून चुलीत टाकायच्या. जळताना त्यांचा एक विशिष्ट वास यायचा. तणमोराची माझी ओळख तेव्हा तेवढीच झाली.

दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता. निंदण, म्हणजे पिकातली खुरपणी, सुरू होतं आणि मी शेतात भाकरी घेऊन जात होते. आमच्या शेताच्या वाटेवर एक रमना होता. रमना म्हणजे गुरांच्या चाऱ्यासाठी राखून ठेवलेली गवताची जमीन. नांगर लागलेला नाही, झाडं अगदी थोडी, कुठे एखादी बाभूळ नाहीतर पळस. पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढायचं. तो रमना मामाजी आणि त्यांचे चुलतभाऊ यांचा सामायिक होता. दसऱ्याच्या आसपास गवत कापायचं, गंजी लावायच्या, आणि उन्हाळाभर ते गुरांना पुरवायचं, असा रिवाज.

मी टोपली डोक्यावर घेऊन कडेच्या पायवाटेनं चालले होते, आणि गवतातून काहीतरी वर उडालं. काळं-पांढरं. माणसाच्या डोक्याइतकं वर गेलं, क्षणभर तिथे फडफडलं, बेडकासारखा टर्र आवाज आला आणि ते दगडासारखं खाली पडलं. मला वाटलं कोणी गवतात बसून फाटकी छत्री वर फेकतंय. मी थांबले. थोड्या वेळानं परत तेच. वर, टर्र, खाली. मग नीट पाहिलं तेव्हा मान दिसली, मागे वळवलेली, आणि पोटाशी घेतलेले पाय. पक्षी होता.

फासात अडकला असेल असं वाटून मी टोपली बाभळीखाली ठेवली आणि गवतात शिरले. ओल्या गवतानं लुगडं मांड्यांपर्यंत भिजलं. मी जवळ गेले तसा तो गप्प झाला. मग माझ्यापासून बराच लांब, दुसऱ्याच ठिकाणी, पुन्हा वर उडाला. अडकला बिडकला काही नव्हता. स्वतःच्या मर्जीनं उड्या मारत होता.

शेतात भाकरी उशिरा पोचल्या. घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. काळं पोट, पांढरे पंख, डोक्यामागे तारेसारखे तुरे.

"तुरे?" त्या चुलीपुढून मागे वळल्या. "तो तं तनमोर होय."

"पण तो उड्या मारत होता."

"तनमोर कायच्या उड्या मारते? मी आजवर किती निवडले. एकबी हालला नाई."

त्या हे गंभीरपणे म्हणाल्या. मला हसू आलं, मग त्यांनाही आलं. तोपर्यंत माझ्या सासूनं जिवंत तणमोर पाहिलाच नव्हता. इतकी वर्षं त्याची पिसं काढली, कोणत्या सांध्याशी सुरी लावायची ते डोळे मिटून ठाऊक, पण तो जमिनीवर कसा चालतो हे माहीत नाही. रमन्यात जायचं त्यांना कारणच पडलं नव्हतं. गवत कापायला मजूर जात, शिकारीला मामाजी.

दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं. आत्याबाई सकाळीच म्हणाल्या, "चाल, दाखव." मामाजी पातूरला गेले होते. आम्ही दोघी एक छत्री घेऊन निघालो. त्यांच्या गुडघ्यांमुळे वेळ लागला. बाभळीखाली एक मोठा दगड होता, त्यावर त्यांना बसवलं आणि मी शेजारी उभी राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "तुले भास झाला असन." आणि तेवढ्यात समोरच्या गवतातून तो वर आला. अगदी जवळ. तुरे कमानीसारखे मागे वळलेले, पंखांची फडफड आम्हाला ऐकू आली. टर्र. आणि खाली.

तो परत उडाला. मग आत्याबाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. "बाप्पा, हे तं आपलंच पाखरू," त्या म्हणाल्या. "पन हे असं काहून करून राहिलं?"

मला काय माहीत? पण थोड्या वेळानं गवताच्या कडेला, वाटेवर, एक भुरकट रंगाची मादी चालत आली. नर तिच्या समोरच्याच बाजूला उडत होता. ती किडे टिपत होती. तिनं एकदा मान वर केली, पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि परत टिपू लागली.

"आता समजलं," आत्याबाई म्हणाल्या. "थो इतका जीव काढून राहिला अन् हिले मुंग्याच गोड."

घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "थे तुरे मी दरसाल चुलीत टाकतो." आमच्याकडे बायकाही 'मी टाकतो', 'मी जातो' असंच म्हणतात.

रात्री मामाजी जेवायला बसले. आत्याबाईंनी भाकर वाढली आणि विचारलं, "तुमी माह्यासाठी कधी उडी मारली होती का?"

मामाजींचा हात थांबला. "काय?"

"नाई, इचारून राहिली."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटी ढवळायला लागले.

त्यानंतर आत्याबाईंना रमन्याचं वेडच लागलं. कधी शेणाच्या गोवऱ्या पाहायच्या म्हणून, कधी निंदणाच्या बायांवर लक्ष ठेवायचं म्हणून, त्या तिकडे जायच्या. निंदणाऱ्या बायांनाही त्यांनी तो दाखवला. त्यांतल्या एकीनं त्याचं नाव नवरदेव ठेवलं. मग गावात बायकांमध्ये चौकशी व्हायची, "नवरदेव उडाला का आज?" पुरुषांना वाटायचं कुठल्यातरी लग्नाचं चाललंय.

मामाजींचे एक दोस्त होते, पातूरला कापडाचं दुकान असलेले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. तरुणपणापासून दोघं बरोबर शिकार करत आलेले. चाचांची नजर अधू झाल्यावर त्यांनी बंदूक विकून टाकली होती, पण शिकारीच्या गप्पा सोडल्या नव्हत्या. त्या पावसाळ्यात ते एकदा आले असताना आत्याबाईंनी विषय काढला. तणमोर हल्ली कमी झालेत का?

चाचांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. "भाभी, पहले पातूरपासून निघालं ना, तं रस्त्याच्या दोन्ही बाजूले आवाज यायचा. आता रस्त्यानं यिऊन पाहा. काहीच नाई. जे हाय ते तुमच्या रमन्यात."

"बाकीचे कुठं गेले?"

"जाणार कुठं? गवत होतं तिथं कपाशीची पऱ्हाटी आली. अन् जिथं गवत राह्यलं तिथं आमी गेलो." त्यांनी मामाजींकडे बोट दाखवलं. "याचं नशीबच खोटं आहे. तितर गवतात दबून बसते तं वाचते. हा वर उडून सांगते, मी इथं हावो म्हणून. अन् उडते कधी, तं लगनाच्या वेळेले. बारातीवर कोणी गोळी चालवते का, देशमुख? आपण चालवली."

"तू बी चालवली," मामाजी म्हणाले.

"म्हणून तं सांगून राहिलो."

मामाजी उठून बैलांकडे गेले. त्या काळी पक्षी किती उरलेत याचा हिशेब आमच्या भागात कोणी ठेवत नव्हतं. अधिकाऱ्यांना वाघाची काळजी, शेतकऱ्यांना रानडुकरांची. गवतातल्या पाखराची काळजी कोणाला असणार? आज तणमोर जगातून नाहीसा होण्याच्या काठावर आहे, अत्यंत धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे, असं मी वाचते. तेव्हा ही बातमी आमच्या ओसरीवर चाचांनी सुपारीबरोबर दिली होती, आणि ऐकणारे आम्ही तिघं होतो.

त्यानंतरच्या आषाढात साहेबांचं प्रकरण झालं.

आमच्या नाल्याला पावसाळ्यात पाणी आलं की गाव तुटायचं. बाळंतीण असो की आजारी माणूस, पाणी उतरेपर्यंत पलीकडे नेता येत नसे. त्यावर रपटा, म्हणजे छोटा बुटका पूल, बांधून मिळावा म्हणून मामाजी किती वर्षं खेटे घालत होते. शेवटी एक मोठे साहेब जागा पाहायला यायला तयार झाले. ते शिकारीचे शौकीन आहेत असं मामाजींना कुठून तरी कळलं. मग काय, मामाजींनी बेत ठरवला. साहेब मुक्कामाला येणार, सकाळी रमन्यात शिकार, दुपारी तणमोराचं जेवण, आणि जेवून साहेब खुशीत असताना रपट्याचा विषय.

त्यांनी हा बेत ओसरीवर बसून आम्हाला ऐकवला. श्रावण लागायला थोडेच दिवस उरले होते, त्यामुळे घाई होती.

"तनमोराचं करजा, झणझणीत," ते आत्याबाईंना म्हणाले.

"मी नाई करत," आत्याबाई म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तब्येत बरी नाई का?"

"तब्येतीले काय धाड भरली? कोंबडं आना, शिजवतो. बोकड आना, शिजवतो. थ्या पाखराले मी हात लावत नाई."

मामाजींना आधी थट्टा वाटली. मग ते चिडले. आवाज चढला. "माह्या बापाच्या काळापासून या घरात शिजून राहिलं. तुमाले आत्ताच काय झालं?"

"आत्ता पाह्यलं मी त्याले. तुमच्या बापानं मले दाखवलं असतं तं तवाच नाई म्हटलं असतं."

"अन् रपटा?"

"रपट्याचं तनमोराशी काय? साहेबाले नाल्यात उभं करा, रपटा आपोआप समजते."

मामाजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुमी कराल?"

सासऱ्यांना नाही म्हणायची ती पद्धत नव्हती. मी म्हणाले, "मामाजी, मला त्याला चिरायचं कसं तेच माहीत नाही." ते खरंही होतं. आत्याबाईंनी तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला.

"मंग मी आनतो अन् मीच शिजवतो," मामाजी म्हणाले आणि बाहेर निघून गेले. त्यांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. शनिवारी मिस्टर आले, त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी या दोघांच्या मधात पडत नाही. बैलाची लाथ खाऊन तेवढं शिकलो आहे."

साहेब आले ते जीपनं, बरोबर त्यांच्या पत्नी. वरच्या बाजूला पाऊस झाला होता. जीप नाल्यात उतरली आणि चिखलात मध्येच बसली. चालकानं पुष्कळ प्रयत्न केले, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी मामाजींची पांढरी जोडी जुंपून जीप ओढून काढली. साहेब गुडघाभर पाण्यातून चालत आले, बूट हातात घेऊन. बाईसाहेबांना बैलगाडीत बसवून आणलं. आत्याबाईंनी दारात त्यांच्या पायांवर ऊन पाणी घातलं. रपट्याबद्दल साहेबांना सांगण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं.

बाईसाहेब पुण्याकडच्या होत्या. स्वभाव चांगला, पण आत्याबाईंचं बोलणं त्यांना सुरुवातीला भांडणासारखं वाटत असावं. आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा, मी आनतो पानी," तेव्हा बाईसाहेबांनी दाराकडे वळून पाहिलं, आत कोण पुरुष आहे म्हणून. मी त्यांना समजावून सांगितलं. मग त्यांना त्याची गंमत वाटली आणि रात्री जेवताना त्यांनीही म्हणून पाहिलं, "मी अजून एक भाकरी घेतो." आत्याबाई खूश झाल्या.

सकाळी भुरभुर चालू होती. पुरुष मंडळी ओसरीवर चहा घेत पाऊस थांबायची वाट पाहत बसली. बंदुका भिंतीला टेकवून ठेवलेल्या. आत्याबाईंनी बाईसाहेबांना विचारलं, "आमचा नवरदेव पाह्यचा का?"

"कोण नवरदेव?"

"चाला तं."

आम्ही मागच्या दारानं निघालो. आत्याबाई, बाईसाहेब आणि मी, तिघींच्या तीन छत्र्या. वाटेत निंदणाला चाललेल्या बाया भेटल्या. पाहुणी कोण, कुठे चालली, हे कळल्यावर त्याही मागे आल्या. कोणाच्या डोक्यावर पोत्याची घोंगशी, कोणाकडे छत्री. रमन्याच्या कडेला पोचलो तेव्हा आमचा चांगला घोळकाच झाला होता. गवतात आत जाऊन, बाभळीच्या अलीकडे आणि पलीकडे, जिला जिथे बरं दिसेल तिथे ती उभी राहिली.

तणमोर त्या दिवशी रंगात होता. ढगाळ हवा त्याला आवडते. तो वर उडाला तशा बाईसाहेब एक पाऊल मागे सरल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. "अगोबाई, हा पडला की," त्या म्हणाल्या. "नाही, परत उडाला." लांब दुसरा एक नरही उडत होता. एकाचं झालं की दुसऱ्याचं.

तेवढ्यात वाटेवरून मामाजी आणि साहेब आले. पाऊस थांबला होता, पण छत्र्या तशाच उघड्या होत्या. मामाजींना आधी लांबून काळ्या छत्र्याच दिसल्या. रमनाभर पसरलेल्या. जिकडे बंदूक धरावी तिकडे कोणीतरी बाई.

ते जवळ आले. "तुमी काय करून राहिल्या इथं?"

"पाहुणीले पाखरू दाखवून राहिलो," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी बी पाहा. आवाज नोका करू."

साहेबांच्या आणि बाईसाहेबांच्या मधल्या पट्ट्यातून तणमोर वर आला. मामाजींच्या हातात बंदूक होती. सवयीनं त्यांचा खांदा हलला, ते मी पाहिलं. पण समोर आत्याबाईंची छत्री होती, तिच्यामागे बाईसाहेब, त्यांच्यामागे निंदणाऱ्या बाया. बंदूक खाली राहिली. पक्षी खाली गेला. परत वर आला. मामाजींना त्याच्याकडे पाहत राहण्याखेरीज काही करता येत नव्हतं. मला वाटतं, नेम न धरता त्यांनी त्याला पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

साहेबांनी आपल्या बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. "देशमुख," ते जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगायचं तर या दिवसांत याची शिकार करायला मनाईच आहे. विणीचे दिवस आहेत. तुम्ही इतक्या प्रेमानं बोलावलं, म्हणून मला तोंडावर बोलवेना."

मामाजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मनाई हाय? अन् मले वाटलं तुमालेच पाह्यजे."

"मला भाकरी चालते," साहेब म्हणाले.

दुपारी आत्याबाईंनी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजले. बरोबर वांग्याची भाजी, वरण आणि वाटीभर तूप. साहेबांनी रोडगा तुपात कुस्करून खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. मामाजी शेजारी बसून आग्रह करत होते, पण बोलत कमी होते. नाल्याचा विषय साहेबांनीच काढला. परत जाताना नाल्याशी जीप थांबवून ते दोन्ही काठ पायांनी फिरले. रपटा व्हायला पुढे बराच काळ गेला, सरकारी कामाला जातो तसा, पण झाला.

पाहुणे गेल्यावर मामाजींनी आत्याबाईंना विचारलं, "छत्र्या घिऊन जाणं तुमचं ठरलं होतं का?"

"पानी पडून राहिलं होतं. छत्री घेऊ नोको काय?"

मीही त्यांना पुढे कितीदा विचारलं. शेवटपर्यंत त्यांचं उत्तर तेवढंच.

मामाजी काही दिवस घुश्शात होते. श्रावण लागला, म्हणून शिकारीचा प्रश्न आला नाही. मग एका सकाळी ते आंघोळीआधीच कुठेतरी गेले आणि धोतर कमरेपर्यंत भिजवून परत आले. दुसऱ्या दिवशी परत गेले. आठवडाभरात चाचांना निरोप गेला. दोघं म्हातारे बाभळीखालच्या दगडावर जाऊन बसू लागले. चाचांना दिसायचं कमी, म्हणून मामाजी त्यांना सांगायचे, "आता वर गेला. आता पडला." चाचा म्हणायचे, "आवाज माझ्या कानाले आला, तू नोको सांगू." त्यावरून त्यांचं भांडण व्हायचं आणि ते घरी येऊन चहाबरोबर मिटायचं.

पुढे पुढे तर मामाजींचा उत्साह आम्हाला आवरेना. घरी कोणी आलं, मग तो बियाणं विकणारा असो की सोयरीक पाहायला आलेला, की त्याला रमन्यात नेलंच. चपला चिखलात रुतून माणूस वैतागायचा. मामाजी त्याला सांगायचे, "असं दुसरीकडं पाह्यले भेटणार नाई तुमाले," आणि ते दिवसेंदिवस जास्त खरं होत होतं. आजूबाजूच्या गावांतले रमने एकेक करून नांगराखाली जात होते.

आमच्यावरही ती वेळ आली. साठच्या दशकाच्या मध्याला संकरित ज्वारीचं बियाणं आलं. मामाजींच्या चुलतभावांना त्याची भुरळ पडली. पडणारच, घरी पोरं वाढत होती. ते येऊन म्हणाले, "दादा, सोन्यासारखी जमीन गवतासाठी पाडून ठेवली. वाटणी करून टाकू." मामाजींनी वाद घातला नाही. रमन्याचे दोन भाग झाले. त्यांनी त्यांचा नांगरला. आपल्या अर्ध्याबद्दल मामाजी म्हणाले, "माह्या बैलाले चारा पाह्यजे." बैलांना इतका चारा लागत नव्हता, हे चुलतभावांना ठाऊक होतं, पण तेही काही बोलले नाहीत. शिवाय मामाजींनी गवताची कापणी लांबवली. पिल्लं उडायला लागेपर्यंत कोणी विळा घेऊन आत जायचं नाही, असा दंडक घातला. गवत जरा निबर व्हायचं. बैल कुरकुर न करता खायचे.

एवढ्या तुकड्यात तणमोर येतील का, याची धास्ती होती. आले. आधीपेक्षा कमी, पण आले. मिस्टरांची बदली अमरावतीला झाली तेव्हा मी माहेरच्या गावी संसार मांडला, तरी पावसाळ्यात एकदा तरी आम्ही गावी जायचो. ते पक्षी त्या रमन्यात कधीपर्यंत येत राहिले हे मला नेमकं सांगता येत नाही. मी लिहिते आहे, ते पक्षी येत होते त्या वर्षांबद्दल.

त्यांतली एक सकाळ सांगते. भादव्याचे दिवस होते, मूग निघाला होता. मी एकटीच आले होते आणि मामाजी स्वतः गाडी हाकत मुगाची पोती अकोल्याच्या बाजारात न्यायला निघाले होते. आत्याबाई आणि मी गाडीत होतो, मला पुढे अमरावतीची मोटार धरायची होती. मागे गावातल्या आणखी गाड्या होत्या, सगळ्यांनाच बाजार गाठायची घाई. रमन्याच्या कडेला मामाजींनी कासरा ओढला आणि बैल थांबवले.

वाटेच्या मधोमध तणमोराची मादी उभी होती. मान ताठ, डोळे आमच्यावर. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि गवतातून तिची पिल्लं बाहेर पडली, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा मोठ्या पायांची, ठिपक्याठिपक्यांची. एक गाडीच्या चाकोरीत उतरलं आणि त्याला चढून बाहेर येता येईना. आई पलीकडे जाऊन थांबली.

मागच्या गाडीवाल्यानं ओरडून विचारलं, "काका, काय झालं? चाक निघालं का?"

"गप बस," मामाजी मान न वळवता म्हणाले. "लेकुरवाळी चालली."

"बाजार निघून जाते ना, काका."

"जाऊ दे. उद्या बी भरते."

मागचा माणूस गाडीतून उतरून पुढे आला, त्याच्यामागे आणखी एक. मामाजींनी हात आडवा करून त्यांना बैलांच्या मागेच थांबवलं. चाकोरीतलं पिल्लू धडपडत एकदा घसरलं, परत चढलं. बैल शेपट्या हलवत उभे होते. उन्हं वर आली होती, मोटार चुकणार हे मला दिसत होतं, आणि मी घाई करा असं म्हटलं नाही. आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून सुपारी काढली, अर्धी मला दिली, आणि आम्ही पोत्यांवर बसून पाहत राहिलो.